मेलेलाच फिर्यादी: 'डेड हीट'पासून 'झोंबिवली'पर्यंत

हे आपल्या एपिसोडचं लिहून काढलेलं रूप. ज्यांचा डेटा संपलाय, ज्यांच्या इयरफोनचा एक कान गेलाय, किंवा ज्यांना माझा आवाज दीडपट वेगानेही रटाळ वाटतो, त्यांच्यासाठी. बोलताना जे फाटे फुटले ते थोडे छाटलेत. सगळे नाही.

आजचा सिनेमा आहे 'डेड हीट'. १९८८ चा, अमेरिकेतला. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मीही ऐकलं नव्हतं. ऑफिसचं एक डिप्लॉयमेंट रात्री अडकलं होतं, एका स्क्रीनवर लोडिंगचा गोल फिरत होता, म्हणून दुसऱ्या स्क्रीनवर हा लावला. माझा रूम पार्टनर हिंगणघाटचा. तो पाणी प्यायला उठला आणि पाहतो तर काय, एका चायनीज खाटकाच्या दुकानात सोलून टांगलेली बदकं जिवंत होऊन दोन पोलिसांवर तुटून पडलीयत आणि मागून बिनमुंडक्याचं गाईचं धूड चालत येतंय. म्हणाला, "काय पाहून राहिला बे हे?" आणि मग तिथंच बसला. पहाटे चारपर्यंत आम्ही जागे. सिनेमा दीड तासाचाही नाही, बाकीचा वेळ वाद. तो वाद वेताळ, लक्ष्या असं करत करत डोंबिवलीला पोचला.

आधी गोष्ट सांगतो. स्पॉयलर आहेत, पण सदतीस-अडतीस वर्षं जुन्या सिनेमाला स्पॉयलरची काय भीती.

लॉस एंजेलिसमध्ये दोन डिटेक्टिव्ह आहेत, रॉजर मॉर्टिस आणि डग बिगेलो. रॉजर टापटीप, डग फटकळ. रॉजरचं काम ट्रीट विल्यम्सने केलंय, डगचं जो पिस्कोपोने. शहरात दागिन्यांचे दरोडे पडतायत आणि दरोडेखोर गोळ्या घालूनही मरत नाहीत. शवविच्छेदन करणारी डॉक्टर सांगते, हे प्रेत मी आधीच एकदा उघडलंय, माझेच टाके आहेत. माग काढत दोघं एका औषध कंपनीत पोचतात. तिथं मेलेल्यांना उठवायचं यंत्र आहे. झटापटीत रॉजर एका बंद खोलीत अडकतो, गुदमरून मरतो, आणि त्याचे सोबती त्याच यंत्रावर त्याला परत उठवतात. अट एकच. जवळपास १२ तास मिळतील, मग शरीर सडून विरघळणार. त्या १२ तासांत रॉजरने स्वतःच्या खुनाचा तपास करायचा.

एवढी भारी कल्पना आणि तरी सिनेमा आपटला. दिग्दर्शक मार्क गोल्डब्लॅट हा मुळात एडिटर, 'द टर्मिनेटर' एडिट केलेला माणूस. लेखक टेरी ब्लॅक हा शेन ब्लॅकचा भाऊ. शेनने आदल्याच वर्षी आलेला 'लीथल वेपन' लिहिला होता, म्हणजे दोन विरुद्ध स्वभावाचे पोलीस एका गाडीत कोंबायचा फॉर्म्युला त्यांच्या घरातच होता. म्हातारा व्हिन्सेंट प्राइससुद्धा यात आहे. पण पिस्कोपोचे जोक सलग लागत नाहीत. दहातले सात नुसते पडतात. समोर मित्र सडतोय आणि हा बायकांवर टोमणे मारतोय, असं बऱ्याच वेळा होतं. मेकअप आणि इफेक्ट मात्र आजही पाहण्यासारखे आहेत. रबर, जिलेटीन आणि हाताने ओढायच्या तारा, कॉम्प्युटरचं काही नाही. एक बाई डोळ्यांदेखत विरघळते तो सीन आमच्या हिंगणघाटवाल्याने दोनदा मागे घेऊन पाहिला.

मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. डगचं आडनाव बिगेलो का? 'डी.ओ.ए.' नावाचा १९५० च्या सुमाराचा एक जुना काळापांढरा सिनेमा आहे. त्यात फ्रँक बिगेलो नावाचा माणूस पोलीस ठाण्यात येतो आणि खुनाची तक्रार द्यायचीय म्हणतो. खून कोणाचा, तर त्याचाच. त्याला विष दिलंय, थोडाच वेळ उरलाय. 'डेड हीट'ने ती कल्पना उचलली, वर पोलीस आणि झोंबी घातले, आणि आडनाव ठेवून दिलं.

इथं माझं डोकं चाललं. आपण झोंबी सिनेमा म्हटला की चावाचावी, रक्त, धावपळ एवढंच धरतो. पण यातले चांगले सिनेमे घ्या. ते मुळात खुनाचा तपास असतात, आणि त्यात फिर्यादी मेलेला माणूस असतो. एरवी खुनाच्या केसमध्ये हीच तर अडचण असते नं, ज्याच्यावर अन्याय झाला तो बोलायलाच नसतो. झोंबी सिनेमात तो उठून दारात येतो. बोलता येत नाही म्हणून दार वाजवतो. वाजवून उघडलं नाही तर तोडतो.

आता एक कामाच्या धंद्यातला फाटा, सहन करा. लिनक्समध्ये 'झोंबी प्रोसेस' नावाचा खराखुरा प्रकार आहे. एखादा प्रोग्राम संपतो, त्याची मेमरी मोकळी होते, सगळं होतं, पण सिस्टिमच्या यादीत त्याची एक ओळ उरते. कारण ज्या मुख्य प्रोग्रामने त्याला जन्म दिला, त्याने अजून 'हा कसा संपला' हा शेवटचा रिपोर्ट वाचलेला नसतो. नवीन पोरं पहिल्यांदा हे पाहतात तेव्हा 'किल' कमांड मारत बसतात. काही होत नाही. जो आधीच मेलाय त्याला काय मारणार? मुख्य प्रोग्रामने रिपोर्ट वाचला की ओळ जाते. तो वाचतच नसेल तर त्या मुख्य प्रोग्रामलाच बंद करावं लागतं. मग त्याची पोरं सिस्टिमच्या पहिल्या प्रोसेसकडे दत्तक जातात आणि ती सगळ्यांचे रिपोर्ट वाचून यादी साफ करते. ज्याने कोणी या प्रकाराला झोंबी नाव दिलं, त्याला माझा नमस्कार.

बरं, हिंगणघाटवाल्याचा मुद्दा असा की हे सगळं अमेरिकेचं, आपल्याकडे झोंबी चालत नाही. आणि कारण त्याने चोख दिलं. आपल्याकडे बहुतेक घरांत माणूस गेला की जाळतात. लिंगायत, गोसावी, मुस्लिम, ख्रिश्चन पुरतात, पण सिनेमावाल्यांच्या डोक्यात पहिलं येतं ते सरणच. शरीरच उरलं नाही तर कबरीतून हात वर काढणार कोण? म्हणून आपल्याकडे उरतो तो आत्मा. आणि आत्मा म्हटला की त्याचं नाव असतं, पत्ता असतो, तक्रार असते. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, खवीस, झोटिंग, चकवा, प्रत्येकाचा एरिया ठरलेला. झोंबीला यातलं काहीच नाही, तो गर्दीतला एक.

मुद्दा बरोबर आहे. पण एक अपवाद आहे आणि तो इतका मोठा आहे की दिसत नाही. वेताळ!

आठवून पहा. विक्रम राजा रात्री मसणात जातो, झाडावरचं प्रेत उतरवतो, खांद्यावर घेतो. प्रेतात वेताळ शिरलेला. तो बडबड करतो, कोडी घालतो, राजाने तोंड उघडलं की परत झाडावर. ज्यांच्या घरी 'चांदोबा' यायचा त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहील. आमच्या आधीच्या पिढीने १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांचं पाहिलं, अरुण गोविल विक्रम आणि सज्जन वेताळ. आता सांगा, राजा म्हणजे त्या काळचा कायदा, म्हणजे पोलीसच झाला. कमी बोलणारा, ड्युटीवर असलेला. आणि खांद्यावरचं मढं फटकळ, थांबतच नाही. पोलीस आणि प्रेत, एकाच वाटेवर, एकमेकांना वैतागलेले. 'डेड हीट' अजून काय वेगळं करतो? बरं, शेवट आठवा. त्या मांत्रिकाला तुझाच बळी द्यायचाय हे राजाला सांगतं कोण? प्रेतच सांगतं. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त ही गोष्ट आहे, म्हणजे ११ व्या शतकात ती लिहून ठेवलेली होती. जो खून अजून व्हायचाय त्याची खबर मढं देतंय!

हिंगणघाटवाला यावर गप्प बसला. मग म्हणाला, "मग लक्ष्या कुठं बसते यात?"

बसतो ना. महेश कोठारेंचा 'दे दणादण' १९८७ चा, म्हणजे 'लीथल वेपन' आला त्याच वर्षीचा. महेश इन्स्पेक्टर, लक्ष्मीकांत बेर्डे हवालदार. हवालदाराला अचाट शक्ती येते आणि लाल रंग दिसला की जाते. भुतं नाहीत त्यात, पण मराठीतला दोन पोलिसांचा धमाल सिनेमा म्हटला तर मी आधी हाच सांगीन. मग १९९३ मध्ये 'झपाटलेला'. यात लक्ष्या पोलीस नाही, महेश मात्र इन्स्पेक्टर महेश जाधव. तो तात्या विंचूला गोळी घालतो, आणि मरता मरता तात्या मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्येंचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून कल्पना घेतलीय हे सगळ्यांना माहीत आहे, पण ही गंमत पहा: 'चाइल्ड्स प्ले'सुद्धा १९८८ चाच. एकाच वर्षी अमेरिकेत दोन सिनेमे आले, दोन्हीत मेलेला माणूस परत येतो आणि मधे एक पोलीस असतो. एक तिकडं विसरला गेला. दुसरा इकडं येऊन तात्या विंचू झाला, आणि तीस वर्षांनंतरही वर्ध्याच्या कुठल्याही पानटपरीवर त्याचं नाव घ्या, कोणीतरी आवाज काढूनच दाखवील.

शरीराचा प्रश्न कोठारेंनी कसा सोडवला पाहिलं? शरीर गेलं ते गेलं, आत्मा बाहुल्यात टाकला. आपल्या प्रेक्षकाला पटेल अशीच सोय. पण माझ्या फिर्यादीच्या नियमात मात्र 'झपाटलेला' उलटा आहे. इथं मेलेला गुन्हेगार आहे आणि छळ होतोय तो जिवंत, साध्या लक्ष्याचा. तो ओरडून सांगतोय की बाहुला जिवंत आहे आणि ऐकून कोणी घेत नाही. म्हणजे फिर्याद आहे, फक्त ती लिहून घेणारा नाही. आपण त्यावर हसतो, कारण लक्ष्याचं ओरडणंच तसं आहे. आईला विचारा, ती लहानपणी त्याच सीनला घाबरायची की हसायची. माझी आई म्हणते, दोन्ही.

आता येऊ मूळ मुद्द्यावर, मराठीतला खराखुरा झोंबी सिनेमा. 'झोंबिवली', दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. प्रदर्शित २६ जानेवारी २०२२. तारीख लक्षात घ्या. ओमायक्रॉनची लाट होती, महाराष्ट्रात थिएटरं निम्म्या आसनांवर चालत होती, मोठे हिंदी सिनेमे तारखा पुढं ढकलत होते. अशात एका रोगाच्या साथीवरचा विनोदी सिनेमा मास्क लावून बसलेल्या निम्म्या प्रेक्षकांसमोर लागला. मी तो नंतर फोनवर, झी फाइव्हवर पाहिला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाच नसेल. याच सरपोतदारांचा 'मुंज्या' २०२४ मध्ये देशभर गाजला, तो पाहिला असेल. 'मुंज्या'च्या आधी त्यांनी हॉरर आणि कॉमेडीचा हात कुठं बसवला ते पाहायचं असेल तर हा पहा.

गोष्ट थोडक्यात. सुधीर हा इंजिनिअर, काम अमेय वाघचं. बायको सीमा, वैदेही परशुरामी, गरोदर आहे. दोघं डोंबिवलीतल्या नव्या मोठ्या सोसायटीत राहायला येतात. शेजारी भिंतीला लागून झोपडपट्टी. तिथला पुढारपण करणारा तरुण विश्वास, ललित प्रभाकर. टॉवरमध्ये चोवीस तास पाणी, वस्तीत हंड्यांची रांग. मग एके रात्री लोक चावायला लागतात. गोष्टीच्या मुळाशी काय आहे ते पूर्ण सांगत नाही, पण पाणी आहे आणि पाण्याचा धंदा आहे.

पाहा, पोलिसांची जोडी इथं नाहीच. पण साचा तोच आहे. एक टापटीप, भित्रा, हप्त्यावर फ्लॅट घेतलेला, आणि एक रस्त्यावरचा, तापट. एरवी हे दोघं लिफ्टमध्येही एकत्र उभे राहिले नसते. अमेरिकेत दोघांना एका गाडीत कोंबतात, इथं एका सोसायटीत कोंबलंय. मला वाटतं हे मराठी सिनेमाला जास्त शोभतं. आपल्या शहरांत खरी सीमा पोलीस आणि चोर यांच्यात नसते, ती सोसायटीच्या गेटवर असते. वॉचमन कोणाला नाव लिहायला लावतो आणि कोणाला नुसता सलाम करतो, त्यावरून कळते.

आणि शरीराचा प्रश्न? 'झोंबिवली'त कोणी कबरीतून येत नाही. जिवंत माणसंच बाधित होतात. राज आणि डीकेच्या 'गो गोवा गॉन'मध्येही, २०१३ चा तो, पार्टीतल्या एका गोळीने माणसं बिघडतात. दफन नाही म्हणून आपल्या झोंबीला कारण लागतं, आणि कारण आलं की मागे कोणीतरी ते विकणारा येतोच. हिंगणघाटवाल्याच्या सरणाच्या मुद्द्याचं हे दुसरं टोक आहे. जाळण्याच्या रिवाजामुळे आपला झोंबी आपोआप कंपनीच्या दारात जातो.

आता डोंबिवलीच का? नावाची कोटी जमते म्हणून, हे उघड आहे. पण तेवढंच नाही. डोंबिवलीची एमआयडीसी आणि तिथली वस्ती एकमेकींना चिकटून आहेत. २०१४ मध्ये तिथं हिरवा पाऊस पडल्याची बातमी होती. २०२० मध्ये एक रस्ता केमिकलच्या रंगाने गुलाबी झाला, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना जाऊन पाहावं लागलं. २६ मे २०१६ ला तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा गेल्या. सिनेमा आल्यावर, मे २०२४ मध्ये, परत तसाच स्फोट. ज्या गावात पावसाचा रंग बदलतो, त्या गावात पाण्यातून झोंबी होतात म्हटलं तर प्रेक्षक फार ताणून घेत नाही. मान डोलावतो.

इथं आम्ही दोघंही जरा गप्प झालो, कारण २०१६ चा तो मे महिना आम्हाला वेगळ्या कारणाने लक्षात आहे. डोंबिवलीच्या स्फोटानंतर पाचच दिवसांनी, ३१ मे च्या मध्यरात्रीनंतर, आमच्या जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा डेपोला आग लागली. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होतो, देवळीच्या बाजूला. आधी वाटलं वीज कडाडली. मग खिडकीची तावदानं हलली आणि आकाश लाल दिसलं. आगरगाव, नागझरीकडची माणसं रात्रीतून पोरंबाळं घेऊन निघाली होती. डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात आग विझवायला आत गेलेले होते. पुढे २०१८ च्या नोव्हेंबरात सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला, त्यात मजुरीला गेलेली जवळच्या गावातली माणसं होती. चौकशा होतात, रिपोर्ट होतात. आजूबाजूच्या गावात विचाराल तर तारखा सगळ्यांना पाठ आहेत, रिपोर्टमध्ये काय होतं ते सांगणारा शोधावा लागतो.

यावर विनोदी सिनेमा निघेल का? मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. हिंगणघाटवालाही तेच म्हणाला, "नको बाप्पा." मीही तेव्हा हो म्हटलं. पण 'झोंबिवली' पाहून मत थोडं हललंय. डोंबिवलीवर गंभीर डॉक्युमेंटरी आली असती तर ती आम्ही रात्री दोनला लावली असती का? नसतीच लावली. इथं मात्र अमेय वाघची तंतरलेली धावपळ पाहून हसत होतो, आणि मधेच लक्षात आलं की हे जे चावायला येतायत ते दुपारपर्यंत नळावर रांगेत उभे होते. सिनेमाने ते ओरडून सांगितलं नाही त्या दहा मिनिटांत तो सगळ्यात चांगला आहे.

नंतर तो ओरडून सांगायला लागतो, ही माझी तक्रार आहे. उत्तरार्धात विश्वासला भाषणं फार दिलीत. अमेयचं पात्र भीतीत जितकं मजेदार आहे तितकं शूर झाल्यावर राहत नाही. आणि काही झोंबी जरा जास्तच कवायत करतात, पीटीचा तास वाटतो. सीमाला मात्र नुसतं वाचवण्याजोगी ठेवलेलं नाही, आणि तृप्ती खामकरची कामवाली बाई हा सिनेमातला माझा सगळ्यात आवडता भाग. टायमिंग पाहा तिचं. 'डेड हीट'मध्ये पिस्कोपोला जे दीड तासात जमलं नाही ते ती दोन वाक्यांत करते.

पाहायचा क्रम सांगून ठेवतो, कारण हे मला नेहमी विचारतात. आधी 'झोंबिवली', मग 'झपाटलेला' (पाहिला असला तरी परत, आणि या वेळी लक्ष्याकडे नाही, त्याचं न ऐकणाऱ्यांकडे पहा), मग 'डेड हीट'. शेवटचा एकट्याने पाहू नका, जोक पडतात तेव्हा सोबत कोणी पाहिजे. जेवताना तर मुळीच नको, बदकांचा सीन आहे.

डिप्लॉयमेंटचं काय झालं, तर सकाळी सहाला झालं एकदाचं. रात्रभर अडकलं होतं कारण सर्व्हरवर तीनशेच्या वर झोंबी प्रोसेस साचल्या होत्या. मी आपला रात्रभर त्यांनाच 'किल' मारत होतो.